एकाच चौकटीत सहा गिनेस

१९४९ साली प्रदर्शित झालेल्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' या ब्रिटिश चित्रपटात एका उमराव घराण्यातल्या तरुणाच्या अंत्यविधीचा प्रसंग आहे. चर्चमध्ये घराण्यातली उरलेली माणसे जमली आहेत: घराण्याचा प्रमुख असलेला ड्यूक, नौदलातला ॲडमिरल, एक सेनापती, पेढीचा मालक, म्हातारा पाद्री आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी दुकानांच्या काचा फोडणारी लेडी ॲगाथा. या सहाही जणांच्या चेहऱ्यांत काहीतरी साम्य जाणवते आणि ते जाणवणारच, कारण सहाही भूमिका ॲलेक गिनेस या एकाच नटाने केल्या आहेत. त्याआधीच कथेतून नाहीसे झालेले आणखी दोघे आहेत, तेही त्यांनीच रंगवलेले आहेत. सुरुवातीला आपल्याला चारच भूमिका देऊ केल्या होत्या आणि चारच का, आठ का नकोत, असे आपणच विचारले, असे गिनेस नंतर सांगत असत.

आज संगणकावर असे दृश्य जुळवायला फारसे कष्ट पडत नाहीत. त्या काळी ते कॅमेऱ्यातच घडवावे लागे. छायालेखक डग्लस स्लोकोम यांनी कॅमेरा एका जागी पक्का बसवला, भिंगासमोर काळ्या झडपांची चौकट लावली आणि एका वेळी एकच झडप उघडून त्या जागेवरच्या गिनेस यांचे चित्रण केले. मग फिल्म मोजून मागे गुंडाळायची, गिनेस यांनी एक रंगभूषा उतरवून दुसरी चढवायची, दुसऱ्या जागी जाऊन बसायचे आणि पुढची झडप उघडायची, असे सहा वेळा झाले. कॅमेरा केसभर जरी हलला असता, तरी माणसांच्या कडा एकमेकांत मिसळून सगळे काम वाया गेले असते. म्हणून रात्री कोणाचा धक्का लागू नये यासाठी स्लोकोम स्टुडिओत कॅमेऱ्याच्या शेजारीच झोपले. मी हा प्रसंग अनेकदा थांबवून थांबवून पाहिला आहे. त्यातली तांत्रिक करामत दोनदा पाहिल्यावर सरावाची होते, पण लेडी ॲगाथाची मान आणि सेनापतीची मान एकाच माणसाच्या खांद्यांवर कशी काय बसते, हे कोडे काही सुटत नाही.

बहुतेक भारतीय प्रेक्षकांना गिनेस यांचा चेहरा ठाऊक आहे तो 'स्टार वॉर्स'मधल्या पांढऱ्या दाढीच्या ओबी-वान केनोबीमुळे. त्यापूर्वीची त्यांची त्रेचाळीस वर्षे आणि नंतरचीही बरीच वर्षे त्या एका झग्याखाली झाकली गेली आहेत. ब्रिटिश नटाची कारकीर्द रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्हींमध्ये कशी विभागलेली असते, यातले प्रत्येक माध्यम नटाला काय देते आणि त्याच्याकडून काय मागते, हे समजून घ्यायचे असेल तर गिनेस यांच्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे सुचत नाही. त्या काळचे ब्रिटिश रंगभूमीवरचे दोन नामवंत नट म्हणजे लॉरेन्स ऑलिव्हिएर आणि जॉन गिलगुड; गिनेस यांच्याकडे ऑलिव्हिएर यांचा दरारा नव्हता आणि गिलगुड यांचा गळाही नव्हता. समोर येताच नजर खिळवून ठेवणारे रूपही नव्हते. त्यांच्याकडे होती ती स्वतःला पुसून टाकण्याची कला, आणि ती त्यांना मिळाली रंगभूमीच्या एका विशिष्ट व्यवस्थेतून.

अर्थात पुसून टाकावे असे बरेच काही त्यांच्या जन्मापासूनच होते. २ एप्रिल १९१४ रोजी लंडनच्या मेडा व्हेल भागात त्यांचा जन्म झाला. जन्मदाखल्यावर आईचे नाव आहे, वडिलांच्या नावाची जागा मात्र कोरी आहे. आईने काही काळ लग्न केले तेव्हा सावत्र वडिलांचे आडनाव लागले, पुढे तेही गेले, आणि वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आपली तीन वेगवेगळी नावे होऊन गेली होती व तीसेक ठिकाणी बिऱ्हाडे झाली होती, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. नाव बदलते, घर बदलते, पण आपण तेच असतो की नाही, हा प्रश्न या मुलाला नाटकात येण्याआधीच भेटलेला होता.

शाळा संपल्यावर ते एका जाहिरात संस्थेत मजकूर लिहिण्याचे काम करू लागले. नट व्हायचे होते, पण कोणाची ओळख नव्हती. त्यांनी धाडस करून गिलगुड यांना फोन केला. गिलगुड यांनी त्यांना मार्टिटा हंट या अभिनेत्रीकडे शिकवणीला धाडले. काही धड्यांनंतर हंट बाईंनी स्पष्टच सांगितले की तुझ्याकडून हे होणार नाही. त्यांचे हे निदान चुकले हे उघडच आहे, पण त्याची खरी गंमत पुढे येते. गिनेस यांना नंतर फे कॉम्प्टन यांच्या नाट्यशाळेची शिष्यवृत्ती मिळाली आणि २ एप्रिल १९३४ रोजी, म्हणजे नेमक्या विसाव्या वाढदिवशी, हॅमरस्मिथच्या एका नाट्यगृहात ते पहिल्यांदा व्यावसायिक रंगमंचावर उभे राहिले. त्या भूमिकेत एकही वाक्य नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस गिलगुड यांनी आपल्या 'हॅम्लेट'मध्ये त्यांना ऑस्रिकची भूमिका दिली. नाटक संपत आले असताना द्वंद्वाचा निरोप घेऊन येणारा, हातातल्या टोपीचे काय करावे हे न कळणारा हा एक दरबारी आहे. भूमिका पाच-सात मिनिटांची, पण राजपुत्राच्या मरणाआधीचे शेवटचे हसू प्रेक्षकांना तोच देतो. हा प्रयोग सेंट मार्टिन्स लेनमधल्या न्यू थिएटरमध्ये होत होता. या नाट्यगृहाचे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

इथे त्या काळच्या लंडनच्या रंगभूमीची घडण थोडी समजून घ्यायला हवी. वेस्ट एंड म्हणजे व्यावसायिक नाटकांचा भाग. तिथे एक नाटक एका नाट्यगृहात लागते, आठवड्याला साधारण आठ प्रयोग होतात आणि तिकिटे खपतात तोवर ते तिथेच चालू राहते. आपल्याकडे नाटक गावोगावी फिरते, तिथे प्रेक्षक नाटकाकडे येतो. नटाला यात पैसा आणि नाव मिळते, पण तीच भूमिका महिनोन्महिने करावी लागते. याच्या उलट थेम्स नदीपलीकडचे ओल्ड व्हिक हे नाट्यगृह. लिलियन बेलिस या जिद्दी बाईंनी ते शेक्सपिअरचे घर बनवले होते. तिकिटे स्वस्त होती, नटांचे पगार तुटपुंजे होते, पण एकाच मंडळीत राहून दर काही आठवड्यांनी नवे नाटक उभे करायला मिळत असे. आज दूत, महिन्याभराने विदूषक आणि त्यानंतर एखादा राजा असा तो क्रम असे. आपले रूप, आपली लकब, आपला ठसा असा काही जपायची तिथे सोय नव्हती. गिनेस १९३६ मध्ये ओल्ड व्हिकमध्ये गेले, मग गिलगुड यांच्या मंडळीत गेले आणि परत ओल्ड व्हिकमध्ये आले. चार वर्षांत त्यांनी इतकी माणसे रंगवली की पुढे चित्रपटात एकदम आठ माणसे रंगवणे त्यांना जड का गेले नाही हे त्यावरून कळते.

१९३८ मध्ये टायरोन गथ्री या दिग्दर्शकाने या चोवीस वर्षांच्या नटाला हॅम्लेट दिला. नाटकाची संहिता एक ओळही न कापता घेतलेली होती आणि वेशभूषा त्या काळातल्या रोजच्या कपड्यांची होती. हॅम्लेटची प्रेयसी ऑफेलिया हिच्या दफनाच्या वेळी सगळे दरबारी पावसात छत्र्या धरून उभे, हे त्या प्रयोगातले दृश्य पुढे फार गाजले. गिनेस यांचा हॅम्लेट गर्जणारा नव्हता, तो विचार करणारा, हळू बोलणारा होता. काहींना तो नवा वाटला, काहींना तो फिका वाटला, आणि पुढची पन्नास वर्षे त्यांच्याबद्दल हीच दोन मते आलटून पालटून ऐकू येत राहिली.

१९३९ मध्ये त्यांनी डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीचे स्वतः नाट्यरूपांतर केले आणि त्यात हर्बर्ट पॉकेट या नायकाच्या मित्राची भूमिका केली. मिस हॅविशॅमच्या भूमिकेसाठी त्यांनी कोणाला घेतले? मार्टिटा हंट यांनाच. हा प्रयोग डेव्हिड लीन नावाच्या चित्रपट संकलकाने पाहिला. त्यानंतर महायुद्ध आले, गिनेस साधे खलाशी म्हणून नौदलात भरती झाले, पुढे अधिकारी झाले आणि १९४३ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या एका नौकेचे नेतृत्व त्यांनी केले. युद्ध संपले तोवर लीन दिग्दर्शक झाले होते आणि ते 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चाच चित्रपट करत होते. त्यांना जुना हर्बर्ट पॉकेट आठवला, आणि हंट बाईही आठवल्या. १९४६ च्या त्या चित्रपटात दोघेही आपापल्या रंगमंचावरच्या भूमिकांत आहेत. ब्रिटिश नटाच्या बाबतीत रंगभूमी हीच चित्रपटाची ओळखपरीक्षा कशी असते, याचे हे अगदी हाताशी असलेले उदाहरण आहे.

लीन यांच्या पुढच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'साठी गिनेस यांनी फॅगिनची भूमिका मागितली. खिसेकापू पोरांची टोळी पोसणारा म्हातारा फॅगिन आणि समोर बसलेला गुळगुळीत चेहऱ्याचा तिशीतला नट, लीन यांना हसूच आले. गिनेस यांनी एक चाचणी घ्या एवढेच मागितले, पण रंगभूषा करून येईपर्यंत काही ठरवू नका, अशी अट घातली. रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी डिकन्सच्या मूळ पुस्तकातल्या क्रूकशँक यांच्या चित्रांवरून तो चेहरा उभा केला आणि तो पाहून लीन यांनी तिथल्या तिथे होकार दिला. हेच फ्रीबॉर्न पुढे 'स्टार वॉर्स'मधल्या चित्रविचित्र प्राण्यांचे चेहरे घडवणार होते. फॅगिनच्या त्या लांबलचक नाकाने मात्र मोठे वादळ उठवले. ज्यूंचा वंशसंहार होऊन तीन वर्षे झाली होती आणि हा चेहरा ज्यूंच्या जुन्या विद्वेषी चित्रांसारखा दिसत होता. बर्लिनमध्ये निदर्शने झाली. अमेरिकेत चित्रपट १९५१ पर्यंत अडला आणि काटछाट करूनच दाखवला गेला. दुसऱ्याचा चेहरा चढवण्याची कला निरुपद्रवी नसते, हा धडा गिनेस यांना इतक्या लवकर मिळाला होता. त्यांनी तो पुरता घेतला असे मला वाटत नाही, पण त्याकडे नंतर येऊ.

रंगमंचावरचा अभिनय आणि कॅमेऱ्यापुढचा अभिनय यांत नेमका काय फरक असतो? रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो. त्यामुळे राग भुवईत ठेवून भागत नाही, तो खांद्यांत, हातांत आणि आवाजाच्या फेकीत आणावा लागतो. कॅमेरा जवळ आला की तीच भुवई पडद्यावर दोन हात लांब होते, आणि रंगमंचाची सवय असलेला नट तिथे हमखास जास्त करतो. शिवाय नाटकात भूमिका पहिल्या अंकापासून शेवटापर्यंत सलग चढत जाते, तर चित्रपटात मरणाचा प्रसंग सोमवारी आणि पहिल्या भेटीचा शुक्रवारी चित्रित होऊ शकतो. म्हणजे भूमिकेचा संपूर्ण आलेख नटाने आधीच मनात पक्का करून ठेवायला हवा.

आपल्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. गिनेस यांनी नाट्यशास्त्र वाचले होते असे नव्हे, पण त्यांची रीत या शब्दांत चांगली सांगता येते. ते आंगिकापासून, त्यातही पायांपासून सुरुवात करत. हा माणूस चालतो कसा, हे सापडल्याशिवाय तो माणूस आपल्याला सापडत नाही, असे ते म्हणत. चाल सापडली की मग आहार्य, म्हणजे टोपी, चष्मा, मिशी आणि बुटांची निवड येई. आवाज त्यानंतर येई. आणि कॅमेरा आला की बाकी सगळे कमी कमी करत नेऊन शेवटी सात्त्विकावर, म्हणजे आत काय चालले आहे एवढ्यावरच काम सोपवायचे. बहुतेक नट भूमिकेत भर घालतात, गिनेस वजाबाकी करत.

ही वजाबाकी पश्चिम लंडनच्या ईलिंग स्टुडिओला फार मानवली. मायकेल बाल्कन यांच्या देखरेखीखाली इथे छोट्या खर्चाचे, खट्याळ आणि वरून सभ्य दिसणारे विनोदपट निघत. १९५१ च्या 'द लॅव्हेंडर हिल मॉब'मध्ये गिनेस बँकेतल्या सोन्याच्या वाहतुकीवर वीस वर्षे इमानाने देखरेख करणारा कारकून झाले आहेत. हा कारकून ते सोने पळवून त्याचे आयफेल टॉवरच्या छोट्या प्रतिकृतींत रूपांतर करतो. त्या माणसाकडे रस्त्यात कोणीही दुसऱ्यांदा पाहणार नाही, हेच त्याचे हत्यार आहे आणि नटाचेही. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे पहिले नामांकन मिळाले.

आणि त्याच वर्षी, त्याच माणसाची रंगभूमीवर शोभा झाली. मे १९५१ मध्ये त्यांनी न्यू थिएटरमध्येच स्वतः 'हॅम्लेट' बसवला आणि मुख्य भूमिकाही केली. याच रंगमंचावर त्यांनी १९३४ मध्ये ऑस्रिक केला होता, युद्धानंतर ऑलिव्हिएर यांच्या 'किंग लिअर'मधला अप्रतिम विदूषक केला होता आणि शेक्सपिअरचाच राजा दुसरा रिचर्डही केला होता. पण पहिल्याच रात्री प्रकाशयोजनेच्या खुणा चुकल्या आणि भलत्याच वेळी भलत्याच जागी उजेड पडू लागला. समीक्षकांनी दुसऱ्या दिवशी सालटी काढली. गिनेस यांनी दोष दिव्यांवर टाकला नाही. आपणच पहिल्या रात्री मनातून हार मानली, अशी कबुली त्यांनी पुढे दिली आहे. मला यात दिव्यांपलीकडचे कारण दिसते. हॅम्लेट ही अशी भूमिका आहे की तिच्यात नटाला स्वतःचे काहीतरी उघडे करावे लागते, आणि गिनेस यांची सगळी कमाई स्वतःला झाकण्यात होती.

दोन वर्षांनी, जुलै १९५३ मध्ये, ते गथ्री यांच्याबरोबर कॅनडातल्या स्ट्रॅटफर्ड या छोट्या गावी गेले. तिथे एका मोठ्या तंबूत, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक असलेल्या रंगमंचावर, शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डच्या स्वगताने नव्या नाट्यमहोत्सवाचा पडदा उघडला. खरे तर पडदा नव्हताच. चित्रपटात भरात असलेला नट तंबूत नाटक करायला जातो, ही गोष्ट त्या व्यवस्थेत विचित्र मानली जात नव्हती. चित्रपटाने पैसा द्यायचा आणि रंगभूमीने धार लावून द्यायची, असा तो सरळ हिशेब होता.

तो हिशेब १९५७ च्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मध्ये फळाला आला. सिलोनच्या जंगलात चित्रित झालेल्या या चित्रपटात गिनेस कर्नल निकोल्सन आहेत. जपान्यांच्या छावणीतला हा युद्धकैदी शिस्तीच्या आणि अभिमानाच्या हट्टापायी शत्रूसाठीच एक उत्तम पूल बांधून देतो. लीन आणि गिनेस यांचे या भूमिकेवरून कडाक्याचे वाद झाले. पण त्यातला एक प्रसंग पाहावा. तप्त पत्र्याच्या कोठडीत कोंडलेल्या निकोल्सनला बाहेर काढतात आणि तो छावणीच्या मैदानातून जपानी अधिकाऱ्याच्या खोलीकडे चालत जातो. पाय ऐकत नाहीत, गुडघे भलतीकडे वळतात, तरी पाठ ताठ आहे. गिनेस यांचा मुलगा मॅथ्यू लहानपणी पोलिओने आजारी पडला होता, त्यातून उठून तो पुन्हा चालायला शिकत होता तेव्हाची त्याची चाल वडिलांनी इथे उचलली. संवाद नाही, चेहरा धुळीने माखलेला, आणि आपल्या कामातला हा एक उत्तम तुकडा आहे असे त्यांचे स्वतःचे मत होते. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले आणि १९५९ मध्ये सरकारने त्यांना 'सर' केले.

रंगभूमीवरची कीर्ती पडद्यावर जशीच्या तशी वटत नाही, हेही त्यांच्याच बाबतीत दिसते. १९६० मध्ये टेरेन्स रॅटिगन यांच्या 'रॉस' या नाटकात त्यांनी पहिल्या महायुद्धात अरबांच्या बंडात सामील झालेले इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स यांची भूमिका गाजवली. दोन वर्षांनी लीन यांनी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' काढला तेव्हा ती भूमिका पीटर ओटूल या उंच, देखण्या आणि तोवर फारशा परिचित नसलेल्या तरुणाला मिळाली, आणि गिनेस त्यात अरब राजपुत्र फैसल झाले. पंचेचाळिशी ओलांडलेल्या नटाला रंगमंचावर तिशीतला लॉरेन्स होता येते, वाळवंटाच्या उन्हात कॅमेऱ्याच्या जवळ ते जमत नाही. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कवी डिलन टॉमस यांच्या भूमिकेसाठी त्यांना अमेरिकन रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. त्यानंतरचे दशक पडद्यावर काहीसे सुस्तच गेले.

मग १९७६ मध्ये जॉर्ज लुकास नावाच्या तरुण अमेरिकन दिग्दर्शकाच्या अवकाशकथेत, म्हणजे 'स्टार वॉर्स'मध्ये, त्यांनी काम केले. खासगी पत्रांतून त्यांनी तिच्या संवादांची भरपूर टवाळी केली आहे. पण त्यांनी मानधनाच्या जोडीला लुकास यांच्या रॉयल्टीतला सुमारे सव्वादोन टक्के वाटाही घेतला होता. टक्केवारीचा करार हा नटाच्या दृष्टीने जुगारच असतो, कारण चित्रपट पडला तर त्या वाट्यातून हाती काहीच येत नाही. हा पडला नाही. पुढच्या आयुष्यात त्यांना पैशासाठी काम करावे लागले नाही, आणि त्याची किंमत म्हणून हव्या नसलेल्या भक्तांचा एक लोंढा त्यांच्या मागे लागला. हा चित्रपट शंभराहून जास्त वेळा पाहिलेल्या एका अमेरिकन मुलाने स्वाक्षरी मागितली, तेव्हा यापुढे तो कधीही पाहणार नाहीस असे वचन देशील का, असे त्यांनी त्याला विचारले. मुलगा रडू लागला आणि त्याची आई संतापली. हा किस्सा गिनेस यांनी स्वतःच लिहिला आहे, आणि त्यात ते फारसे चांगले दिसत नाहीत, हे त्यांना कळत नव्हते असे वाटत नाही.

माझ्या मते त्यांचे सर्वोत्तम काम पासष्टाव्या वर्षी आले, आणि तेही दूरचित्रवाणीवर. १९७९ मध्ये बीबीसीने जॉन ल कारे यांच्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या हेरकथेची सात भागांची मालिका काढली. दोन तासांच्या चित्रपटात ऐकणाऱ्या माणसाला जागा नसते, सात भागांत असते, आणि जॉर्ज स्मायली हा मुख्यतः ऐकणारा माणूस आहे. निवृत्त झालेला, बायकोने फसवलेला हा थकलेला गुप्तहेर समोरच्याला बोलू देतो, चष्मा पुसतो, आणि दहाव्या मिनिटाला एकच प्रश्न विचारतो. भूमिकेसाठी खरा गुप्तहेर जवळून पाहायचा होता, म्हणून ल कारे यांनी गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफिल्ड यांच्याबरोबर जेवण ठरवले. ओल्डफिल्ड पेल्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवत होते. ते निघून गेल्यावर गिनेस यांनी काय विचारावे? ते बोट विष तपासत होते का, असे! ल कारे हा किस्सा रंगवून सांगत. पुढे आपल्याच कादंबरीतला स्मायली लिहिताना आपल्याला गिनेस यांचा आवाज ऐकू येतो, तो माणूस आता आपला राहिलेला नाही, अशी तक्रारही ते कौतुकाने करत.

यानंतरची भूमिका मराठी वाचकाला थोडी अवघडून टाकणारी आहे. १९८४ मध्ये लीन यांनी ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'अ पॅसेज टू इंडिया'चा चित्रपट केला आणि त्यात गिनेस प्राध्यापक नारायण गोडबोले झाले. हे आडनाव फॉर्स्टर यांना सहज सुचलेले नाही. १९२१ मध्ये ते देवास थोरली पाती या मराठा संस्थानात महाराजांचे खासगी चिटणीस होते, तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, आणि कादंबरीच्या शेवटच्या भागात हेच गोडबोले तुकारामाचे नाव घेत भजनात रंगून नाचतात. सत्तरीला आलेल्या इंग्रज नटाने चेहऱ्याला तपकिरी रंग लावून हे करायचे ठरवले. भोवती व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ असे खरे भारतीय नट होते, त्यामुळे ते अधिकच उघडे पडले. गोडबोले यांच्या नाचाची त्यांनी तयारी केली होती आणि तो चित्रितही झाला, पण लीन यांनी संकलनात तो कापून टाकला. गिनेस दुखावले. दोघांनी मिळून केलेल्या सहा चित्रपटांतला हा शेवटचा ठरला.

नट कोणीही होऊ शकतो, या विश्वासावर ओल्ड व्हिकमध्ये वाढलेल्या पिढीला यात काही गैर वाटत नव्हते. त्यांनी फॅगिन केला, फैसल केला, एका अमेरिकन चित्रपटात जपानी व्यापारीही केला. पण ड्यूक आणि कारकून रंगवताना ते ज्या माणसांत वाढले त्यांच्या चालीतून निवड करत होते. गोडबोले यांची चाल त्यांना माहीतच नव्हती. ती अंदाजाने, गूढपणाचा रंग देऊन उभी केली आहे, आणि हे ज्याने लहानपणी घरात कोकणस्थ म्हाताऱ्यांना धोतराचा सोगा सावरत चालताना पाहिले आहे, त्याला पहिल्याच पावलात कळते.

१९८८ च्या अखेरीस, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ते शेवटच्या नाटकात उभे राहिले. 'अ वॉक इन द वुड्स' या त्या नाटकात दोनच पात्रे होती, शस्त्रकपातीची बोलणी करणारे एक अमेरिकन आणि एक सोव्हिएत मुत्सद्दी. गिनेस सोव्हिएत झाले होते. नाटक पँटन स्ट्रीटवरच्या कॉमेडी थिएटरमध्ये लागले होते. तिथून सेंट मार्टिन्स लेनमधले न्यू थिएटर, जिथे चोपन्न वर्षांपूर्वी त्यांनी ऑस्रिकची टोपी हातात घेतली होती, पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे. ५ ऑगस्ट २००० रोजी वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी ते वारले. त्या दोन्ही नाट्यगृहांना आता नाटककारांची नावे दिलेली आहेत, एकाला हॅरॉल्ड पिंटर यांचे आणि दुसऱ्याला नोएल कॉवर्ड यांचे.